गिओन मात्सुरी : जाण्याआधी एवढे माहीत हवेच

जपानमधील क्योतोच्या यासाका या शिंतो देवस्थानाचा उत्सव, जुलैभर चालतो. मूळ इ. स. ८६९ मधल्या साथीत, रोग टळावा म्हणून देवाला घातलेल्या साकड्यात.

• मिरवणुका दोन : १७ जुलैला २३ रथ, २४ जुलैला ११. दुसरी मिरवणूक २०१४ पासून पुन्हा स्वतंत्र. रथमिरवणुकीला २००९ मध्ये युनेस्कोची मान्यता.

• होको आणि यामा : होको म्हणजे चाकांवरचा उंच रथ, शेंड्यापर्यंत सुमारे २५ मीटर, वजन १२ टनांपर्यंत. यामा बहुधा लहान.

• चुकवू नये असे : चौकातले वळण. होकोची लाकडी चाके वळत नाहीत. म्हणून चाकांखाली बांबूच्या कांबी अंथरतात, त्यांवर पाणी ओततात आणि दोर आडवे ओढून अख्खा रथ टप्प्याटप्प्याने सरकवतात.

• दख्खनचा धागा : रथांवरच्या जुन्या परदेशी वस्त्रांमध्ये १७व्या-१८व्या शतकांतले, दख्खनी विणीचे मानले जाणारे गालिचेही आहेत.

• योइयामा : पहिल्या मिरवणुकीआधीच्या, १४ ते १६ जुलैच्या संध्याकाळी. कंदील, बासरी-झांजा, खाद्यपदार्थांचे स्टॉल. २४ तारखेआधीच्या रात्री स्टॉल नसतात. रथ निवांत पाहता येतात.

• जवळच : निशिकी बाजार, कियोमिझु मंदिर. हवा दमट, पावसाची शक्यता.