चप्पल निसटली तरी कळेना

पनवेलच्या एसटी स्टँडवर एका गृहस्थांच्या पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच चार पावलं पुढे गेले. "काका, चप्पल राहिली!" मी ओरडले. त्यांनी खाली पाहिलं आणि ओशाळून हसले. "शुगर आहे हो, पायाला पत्ताच लागत नाही." अलिबागची गाडी लागली होती, ते चढून गेलेसुद्धा.

पायांच्या दुखण्यांसाठी वेगळा तज्ज्ञ असतो, त्याला पोडियाट्रिस्ट म्हणतात, हेच आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं. इंग्लंड-अमेरिकेत तो स्वतंत्र पेशा आहे. इथे टाच दुखली की हाडांचा डॉक्टर, भेगा पडल्या की त्वचेचा, जखम चिघळली की सर्जन. एका पायात 26 हाडं. त्यांची विचारपूस करायला मात्र कुणी एक जण नाही.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. चार फेऱ्या मारल्या की ती ओसरते. घरोघरी निदान एकच: "टाचेचं हाड वाढलंय." एक्स-रेत असं हाड दिसूनही अजिबात न दुखणारे पुष्कळ असतात. दुखतो तो बहुधा टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पडदा. पोटरीला आणि तळव्याला ताण देणारे व्यायाम, टाचेला आधार देणारी चप्पल आणि काही महिन्यांचा धीर एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. धीर सोडून सगळं मिळतं.

भातलावणीच्या दिवसांतल्या चिखल्यांचंही तसंच. मलम लावण्याआधी बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, हे निम्मं औषध. कुरूप ब्लेडने कापणाऱ्यांबद्दल मात्र मला दयामाया नाही. ते चपलेच्या दाबाने होतं. चप्पल तीच ठेवली तर ते पुन्हा उगवणारच. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड आखा आणि वर आपली चप्पल ठेवा. करंगळी बाहेर डोकावताना दिसेल.

पण दुखणारा पाय निदान बोलतो तरी. न दुखणाऱ्या पायाची विद्या जगाला मधुमेहाआधी कुष्ठरोगाने शिकवली. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन 1951 पासून आहे. त्याच सुमारास तिकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचे सर्जन कुष्ठरुग्णांचे पाय निरखत होते. मांस रोगाने सडतं, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांना दिसलं ते वेगळंच: नसा बधिर झाल्यामुळे खिळा टोचला तरी माणूस लंगडत नाही, आणि जखमेवरच चालत राहतो. मग जखमेवरचा भार काढायचा. पायाला नेमकं बसेल असं प्लास्टर घालायचं, मऊ तळाची पादत्राणं द्यायची. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर त्यांची हीच रीत मधुमेहींच्या पायांनाही लागू पडली.

आज दुकानात जाऊन "एमसीआर चप्पल दाखवा" म्हणणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की या मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल कुष्ठरुग्णांना दिली जायची? लोक चपलेवरून रोग ओळखतील, या भीतीने कित्येक रुग्ण ती घालायलाही कचरत.

माझ्या मावशीला पंधरा वर्षं मधुमेह. पाय शेकायला ती रोज कढत पाण्यात सोडून बसायची. बधिर पायाला त्याने नकळत भाजतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी तिला पायाच्या तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या, घोट्याजवळची नाडी चाचपली, चप्पल उलटी करून तळ कुठे झिजलाय तेही पाहिलं. मग नायलॉनचा एक तंतू काढला. बरोबर 10 ग्रॅम दाब पडला की तो वाकतो.

"मावशी, डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणा."

डाव्या अंगठ्याखाली तंतू वाकला. करंगळीच्या मुळाशी वाकला. टाचेपाशी वाकला, तेव्हा मावशी एकदाच "हो" म्हणाली. तंतू पुन्हा अंगठ्याखाली आला, वाकला, सरळ झाला.

मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "अहो डॉक्टर, लावा की लवकर. किती वेळ बसवताय?"