तळहाताएवढ्या मातीतून पसरलेली कला

८व्या ते १२व्या शतकांत बोधगया-नालंदाची बौद्ध कला ब्रह्मदेश, बाली, जावापर्यंत कशी पोहोचली, असे विचारले की उत्तरात बहुधा राजेच येतात. त्याला आधारही आहे. नालंदात १९२१ साली सापडलेल्या ताम्रपटानुसार सुवर्णद्वीपाचा (म्हणजे सुमात्राकडचा) राजा बालपुत्रदेव याने तेथे विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने पाच गावे दान दिली. पण ताम्रपटातून विहाराचा खर्च कसा भागला एवढेच कळते. भूमिस्पर्श मुद्रेतला, म्हणजे उजवा हात जमिनीला टेकवून बसलेला बुद्ध आणि त्याच्यावरचे मंदिराचे उंच शिखर समुद्रापलीकडच्या कारागिराच्या हातात कसे बसले, याचे उत्तर माझ्या मते मातीच्या ठशांत आहे.

बोधगयेच्या धाटणीचा एखादा ठसा नीट पाहावा. तळहातावर मावेल एवढी माती, मध्ये बुद्ध, वर बोधगयेच्या महाबोधी मंदिराचे शिखर, दोन्ही बाजूंना स्तूपांची दाटी आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'ये धर्मा' ही कार्यकारणभाव सांगणारी बौद्ध गाथा. ही गाथा म्हणजे बुद्धाचा धर्मदेहच, अशी श्रद्धा होती. त्यामुळे ती स्तूपात ठेवणे हे अस्थी ठेवण्याइतकेच पुण्याचे. साच्यात माती दाबायला ना शिल्पी लागे, ना पाषाण. भारतातले भिक्षू आणि गृहस्थ मातीचे चैत्य व मूर्ती करतात, रेशमावर आणि कागदावर बुद्धाची प्रतिमा छापतात, अशी नोंद चिनी भिक्षू इत्सिंगने ७व्या शतकाच्या अखेरीस केली आहे. गाथेचे ठसे नालंदात मिळाले, आपल्या कान्हेरीत मिळाले आणि बालीतल्या पेजेंगला तर मातीच्या चिमुकल्या स्तूपांच्या पोटात मिळाले.

यात्रेकरूंनी ते आठवण म्हणून नेले असतील, त्यातून प्रवास सिद्ध होतो, कलेचा प्रसार नव्हे, असा आक्षेप घेता येईल. त्याला ब्रह्मदेशातल्या पगानमध्ये उत्तर मिळते. ११व्या शतकातला तिथला राजा अनोरथा याचे नाव असलेले ठसे सापडले आहेत आणि ते त्याने स्वतःच्या हाताने केले, असे त्यांवर लिहिले आहे. त्याच पगानात १३व्या शतकात महाबोधी मंदिराची विटांची प्रतिकृती उभी राहिली. ठशातून जावातल्या बोरोबुदूरसारखा भव्य स्तूप उभा राहत नाही, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार, आणि तो मला मान्य आहे. नालंदा आणि जावा इथल्या कांस्यमूर्ती ताडून पाहून डच अभ्यासक बेर्नेट केम्पर्स यांनी १९३३ साली जावाचे कारागीर नक्कल करणारे नव्हते, हे दाखवून दिले होते. पण ठशाने जाऊन जाऊन जातो तो आराखडा: बुद्ध कसा बसतो, हात कुठे टेकतो, डोक्यावर काय असते. चेहरा, दागिने, कमरेची वळणे यांबाबत स्थानिक कारागीर मोकळाच राहतो. जावाचे वेगळेपण आणि नालंदाशी असलेले नाते, दोन्ही एकाच वेळी खरे ठरतात ते यामुळेच.

संग्रहालयांत मात्र हे ठसे बहुधा कोपऱ्यातल्या कपाटात पडलेले असतात. ते मोठ्या मूर्तींच्या शेजारीच मांडायला हवेत, आणि पाठही दिसेल असे. कारण पुष्कळांच्या पाठीवर माती दाबणाऱ्या भाविकाच्या बोटांचे वळ अजून शाबूत आहेत.