घोटा हलतो, खुबा धरतो

चालतं शरीर : लेखांक ६

पँट चढवताना भिंतीला हात लावायची सवय कधी लागली, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. विचारलं की बोट घोट्याकडे जातं. ‘इथं हलतं हो!’ गेल्या आठवड्यात आपण तळपायाच्या कमानीपाशी थांबलो होतो. आज तिथून थेट खुब्यापर्यंत चढायचं, कारण घोट्यावरचा हा आळ अर्धाच खरा आहे.

ओटा हाताशी ठेवून अनवाणी उभे राहा आणि एक पाय उचला. टेकलेला घोटा सारखा थरथरेल. घाबरू नका, त्याचं काम चालू आहे. नडगीच्या बाहेरून उतरणारे पेरोनियल स्नायू आणि आतून उतरणारा टिबियालिस पोस्टेरियर पावलाला आळीपाळीने ओढतात आणि शरीराचा भार तळव्यावर इकडून तिकडे सरकवतात. पण पाऊल वीतभरही रुंद नसतं. तोल त्याच्या काठापाशी गेला की घोट्याचं काही चालत नाही. मग खुबा कामाला लागतो, धड एका अंगाला झुकतं, उचललेला पाय बाहेर फेकला जातो. लंगडी खेळणाऱ्या पोरांकडे बघा, सगळं दिसेल.

खुबा मात्र केवळ अडीअडचणीला धावून येत नाही. पाय उचलताक्षणी कमरेचं हाड त्या बाजूला खाली कलायला बघतं. ते सावरून धरतो टेकलेल्या पायाच्या खुब्यावर पंख्यासारखा पसरलेला ग्लुटिअस मिडियस. जन्मतः खुबा निखळलेल्या रुग्णांची डुलती चाल अभ्यासताना जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे दाखवून दिलं. आजही डॉक्टर रुग्णाला एका पायावर उभं करून कमरेची उचललेली बाजू खाली जाते का, ते पाहतात. आणि चालणं म्हणजे तरी काय? एका पायाच्या दोन पावलांमधल्या वेळातला सुमारे ४० टक्के काळ तो पाय एकट्याने सगळा भार पेलत असतो.

मग ताकद वाढवली की झालं? तसं नाही. जिममध्ये मण-मण उचलणारा गडीही एका पायावर डगमगतो, कारण स्नायूने किती ओढायचं यापेक्षा कधी ओढायचं हे इथं जास्त महत्त्वाचं. मुरगळलेला घोटा बरा झाल्यावरही पुन्हा पुन्हा मुरगळतो, त्यामागेही बऱ्याचदा ही हुकलेली वेळ असते. म्हणून ओट्याला धरून टाचा उचला, कुशीवर झोपून वरचा पाय उचला, पण रोज एका पायावर उभंही राहा.

आता काठी. उजवा खुबा दुखत असेल तर ती डाव्या हातात हवी. एका पायावर उभं असताना शरीराचं वजन सांध्यापासून लांबून खाली ओढतं, तर स्नायू अगदी जवळून. त्यामुळे त्याला फार जोर लावावा लागतो आणि सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. डाव्या हातातली काठी त्या सांध्यापासून बरीच दूर टेकते, म्हणून तिथला हलकासा रेटाही स्नायूची बरीच ओढ वाचवतो. नाटकातला म्हातारा मात्र हटकून दुखऱ्या बाजूलाच काठी धरतो. पुढच्या प्रयोगाला नीट बघा.