अकरावीचे विषय निवडण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागतो, गुणपत्रिका देवापुढे ठेवली जाते, पेढे वाटून होतात, आणि मग घरोघर एक नवीच पंचाईत उभी राहते. मुलाने आता घ्यावयाचे काय? आजोबांचे मत एक, काकांचे दुसरे, पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या आत्याबाईंचे तिसरे. आणि ज्याला शिकावयाचे आहे तो मुलगा उंबऱ्याशी उभा राहून सर्वांच्या तोंडांकडे पाहत असतो. अखेरीस, ‘विज्ञान घे, पुढचे पुढे पाहू’ असा ठराव होऊन सभा उठते. हे ‘पुढचे पुढे पाहू’ किती महागात पडते, हे आम्ही शिक्षकाच्या पेशात उभा जन्म काढून पाहिले आहे.

आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकण्याचा प्रघात होता. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, तो वाचावयास अधिकारी कोण, आणि ह्या सर्वांचा परस्परसंबंध कोणता. ह्यास अनुबंधचतुष्टय म्हणत. आमच्या गृहसभा त्यांतील पहिल्याच शब्दावर खिळून राहतात. वास्तविक प्रयोजन आधी ठरावयास हवे, त्यावरून अधिकार, म्हणजे आजच्या भाषेत प्रवेशाची पात्रता, पाहावयास हवी. विषय सर्वांच्या शेवटी आपोआप ठरतात.

पूर्वी हा घोळ नव्हता, कारण निवडच नव्हती. आमच्या चांद्याकडील मुलगा मॅट्रिक झाला की ऐपत असल्यास नागपुरास जाई. तेथे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ पासून आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ पासून चालू होते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली झाले. ऐपत नसलेला मुलगा तलाठी होई किंवा मास्तर होई. १९७५ साली अकरा इयत्तांची शालान्त परीक्षा जाऊन दहावीची आली, पुढे दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाची जोडली गेली, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या वयात आयुष्याची शाखा निवडण्याचे ओझे मुलांवर आले.

आज आमच्या गोंडपिपरीहून पन्नासेक किलोमीटरवरच्या चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे. बल्लारपूरजवळ सैनिकी शाळा २०१९ साली उघडली. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. विद्या दाराशी आली आहे, ह्यात शंका नाही. परंतु प्रत्येक दाराचे कुलूप निराळे आहे, आणि त्याची किल्ली अकरावीच्या प्रवेशअर्जात दडलेली असते.

विज्ञान शाखेचेच उदाहरण घेऊ. इंग्रजी सर्वांस सक्तीचे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सर्वच घेतात. खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्र ह्यांचा. ‘मला डॉक्टर व्हावयाचे आहे’ असे म्हणून मुलगी गणित सोडते. ‘मला इंजिनिअर व्हावयाचे आहे’ असे म्हणून मुलगा जीवशास्त्र सोडतो. वैद्यकीच्या नीट परीक्षेस भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. अभियांत्रिकीस गणितावाचून चालत नाही. वास्तुशास्त्रासही गणित हवे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, परंतु नौदल आणि वायुदल ह्यांसाठी भौतिक, रसायन आणि गणित पाहिजे. (ह्या प्रबोधिनीचे दार २०२१ पासून मुलींसही उघडले आहे, हे कित्येक घरांत अजून माहीत नसते.) कृषी आणि औषधनिर्माण ह्या अभ्यासक्रमांस मात्र दोहोंपैकी कोणताही गट चालतो.

आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलाची हकीकत सांगतो. हुशार, वर्गात पहिल्या पाचांत असणारा. घरात डॉक्टर कोणी नव्हता, म्हणून ह्याने व्हावे असा सर्वांचा आग्रह. गणित सोडविले. बारावीला गुण चांगले मिळाले, नीट मात्र साधली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसला, पुन्हा तेच. तोवर त्याचा कल यंत्रांकडे आहे हे घरच्यांच्या ध्यानी आले. पण गणित नाही, म्हणून अभियांत्रिकी नाही! अखेरीस मंडळाच्या नियमातील ‘तुरळक विषय’ ह्या सोयीने एकटे गणित घेऊन तो पुनः परीक्षेस बसला. तिसरे वर्ष त्यात गेले. सोय आहे हे खरे, आणि जीवशास्त्राच्या बाबतीतही २०२३ च्या अखेरीपासून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ते उत्तीर्ण होणारास नीटचा मार्ग मोकळा झाला आहे. पण ऐन उमेदीची तीन वर्षे कोणतेही मंडळ परत देत नाही. म्हणून ज्याचे मन अद्याप निश्चित झालेले नाही, आणि ज्यास अभ्यासाचा भार पेलवतो, त्याने गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावी असे आम्ही स्पष्ट सांगतो. दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेतला की गुण सोपे मिळतात म्हणतात. परंतु त्यापायी द्वितीय भाषा आणि ह्या दोहोंपैकी एक विषय गमवावा लागतो, हे आधी मोजावे.

आता कला शाखा. ‘गुण कमी पडले म्हणून कला’ हे वाक्य आमच्या कानांस फार बोचते. असो, गैरसमज दूर करण्यास आमच्या जंगलमुलखातलाच दाखला पुरे. वनरक्षकाच्या नोकरीस बारावी उत्तीर्ण लागते. पण त्यात विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र ह्यांपैकी निदान एक विषय असावा लागतो. म्हणजे कला शाखेच्या ज्या मुलाने सहज म्हणून भूगोल घेतला तो अर्ज करू शकतो, आणि ज्याने नेमके भूगोल व अर्थशास्त्र टाळले तो ताडोबाच्या कुशीत जन्मूनही करू शकत नाही. तीच गोष्ट वरच्या पायरीवर. भारतीय वन सेवेच्या परीक्षेस पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक ह्यांतील एक तरी विषय लागतो, नाही तर कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकी ह्यांची पदवी. इतिहासाचा पदवीधर जिल्हाधिकारी होऊ शकतो, पण वनाधिकारी होऊ शकत नाही! हे बरे की वाईट ह्याचा वाद येथे नको. अर्ज भरण्यापूर्वी ठाऊक मात्र असावे.

वाणिज्य शाखेत एक लहानशी निवड असते, तिकडे पालक ढुंकूनही पाहत नाहीत: गणित की सचिवीय कार्यपद्धती. बहुसंख्य मुले सोपे म्हणून दुसरे घेतात. सनदी लेखापाल होण्यास बारावीचे गणित सक्तीचे नाही हे खरे, तथापि त्याच्या पायाभूत परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र समोर येतेच; अर्थशास्त्र पुढे खोलवर शिकावयाचे तर गणितावाचून पाऊल हलत नाही.

द्वितीय भाषेविषयी आम्ही पक्षपाती आहोत, हे आधीच कबूल करतो. संस्कृत मिळत असेल तर घ्यावे. आमच्या तालुक्यासारख्या ठिकाणी शिकविणारा मिळणे दुर्मिळ. पण ज्या गावी मिळतो तेथेही ‘माहिती तंत्रज्ञान’ घेतले की गुण भराभर पडतात म्हणून मुले भाषा सोडून देतात. रामटेकास कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून आहे, आणि विदर्भातीलच मुले तेथे कमी दिसावीत, हे काही बरे दिसत नाही.

ह्यापुढची गोष्ट सीमेवरच्या लोकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. गोंडपिपरी तेलंगणाच्या अगदी लगत. बाजारात तेलुगू ऐकू येते, सोयरिकी पलीकडे आहेत, आणि हैदराबादेच्या शिकवणीवर्गांचा लौकिकही मोठा. साहजिकच काही पालक मुलाला दहावीनंतर तिकडेच घालतात आणि बारावी तिकडच्या मंडळाची करवितात. त्यांना कोणी सांगत नाही की, महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे सामान्यतः लागते. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांस असतात, आणि तेथे राज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाली त्यावरून; घर कोठे आहे त्यावरून नव्हे. म्हणजे प्राणहितेच्या ह्या काठचा मुलगा बारावीपुरता पलीकडे गेला की नागपुरात तो परका ठरतो. शिकवणी कोठेही लावावी. बारावी कोठली करावी हा निराळा प्रश्न आहे, आणि तो आधी सोडवावा.

शिकवणीवरून आठवले. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल दुसऱ्याच गावी वर्गात, असा एक नवा व्यवहार रूढ झाला आहे. अशा महाविद्यालयांची नावे आम्ही घेत नाही; वाचकांस ती ठाऊक आहेत. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र ह्यांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते गुण बसल्या जागी पदरात पडतात म्हणून पालक खुश. परंतु ज्याने परीक्षानळी हाती धरली नाही, त्याचे पुढे पदवीच्या पहिल्याच वर्षी काय होते ते आम्ही पाहिले आहे. शिवाय ‘प्रवेशपरीक्षा आल्या, आता बारावीचे गुण कशास हवेत’ हाही भ्रमच. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत खुल्या वर्गास बारावीला ७५ टक्के तरी हवेत, नाही तर आपल्या मंडळाच्या वरच्या वीस शततमकांत असावे लागते.

आणि अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे. नीट परीक्षा दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर असते, आणि तिच्या १८० प्रश्नांपैकी ९० एकट्या जीवशास्त्राचे. राज्याच्या सीईटीत मात्र अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के. मराठी माध्यमातून आलेल्या मुलास अकरावीचे पहिले सहा महिने इंग्रजी परिभाषेशी झुंजण्यात जातात. ह्याला उपाय एकच, दहावीच्या सुटीत दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी लिहून काढणे. जेईई मुख्य ही परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते, आणि नीट तर त्याही आधीपासून.

२०२५–२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. पसंतीची दहा नावे देता येतात. पण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढील नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर पडते. तेव्हा ‘सहज टाकून पाहू’ म्हणून पहिले नाव लिहू नये. आणि त्या महाविद्यालयात आपल्याला हवे असलेले विषय खरोखर शिकवितात की नाही, हे एकदा पायी जाऊन विचारून यावे. आमच्याकडे विज्ञान शाखा आहे, पण जीवशास्त्राचे अध्यापक नाहीत, असेही घडते.

एकत्र कुटुंबांसाठी कागदपत्रांविषयी दोन शब्द. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ पासून १० टक्के जागा आहेत आणि उत्पन्नाची मर्यादा वर्षास ८ लाख आहे. ‘आमचे घर मोठे, उत्पन्न जास्त, आम्हांस काय मिळणार’ असे म्हणून कित्येक जण अर्जच करीत नाहीत. परंतु येथे कुटुंब म्हणजे मूल, त्याचे आईबाप आणि अठरा वर्षांखालील भावंडे. आजोबांचे निवृत्तिवेतन आणि काकांचा पगार त्यात येत नाही. केंद्राच्या संस्थांसाठी प्रमाणपत्राचा नमुना निराळा असून तेथे पाच एकर शेतीची अट आहे, हे वतनदार घरांनी ध्यानात ठेवावे.

राहिली मुलींची गोष्ट. गावात विज्ञान नाही, रोज चंद्रपूरची ये-जा नको, म्हणून ‘कला घे, घरीच राहा’ असा निकाल मुलीच्याच बाबतीत का लागतो, हे आम्हांस कधी समजले नाही. ग्रामीण मुलींस बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी.चा प्रवास मोफत आहे. ८ लाखांच्या आतील उत्पन्न असणाऱ्या आर्थिक दुर्बल व इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा ह्यांचे शुल्क २०२४–२५ पासून सरकार संपूर्ण भरते. तेव्हा खर्चाची सबब आता पुरत नाही. आणि घरातील ज्या सुनेचे शिक्षण दहावीवरच थांबले असेल तिच्यासाठी मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज आहे. प्रयोगाचे विषय त्या वाटेने साधणे कठीण, पण दहावी होऊन दोन वर्षे झाली असल्यास कला किंवा वाणिज्य घेऊन घरी अभ्यास करून बारावीस बसता येते. त्या अर्जांची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी, बहुधा पावसाळ्यातच, सुरू होते; जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी केली म्हणजे तारीख कळेल.