लपलेले दिवे : दुरुस्ती आणि जयणा

मोटारीच्या अंगात दडलेले आणि गरजेनुसार वर येणारे दिवे १९३६ च्या अमेरिकन कॉर्ड ८१० या मोटारीमुळे लोकांच्या नजरेत भरले. ते हाताने दांडा फिरवून उघडावे लागत. पुढे ब्रिटनच्या लोटस एलानने १९६२ मध्ये आणि शेव्हरोले कॉर्वेटने १९६८ पासून हे काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर सोपवले. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने डबीतला रबरी पडदा सरकतो आणि दिवा हलतो. रचना साधी, परंतु नळीला बारीकशी चीर गेली तरी दिवा अडखळतो.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. ती नित्याच्या वाहतुकीसाठी वापरता येत नाहीत. साहजिकच अशी मोटार बहुतेक काळ उभी असते. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी भाग गंजतात, जुने रबर तडकते आणि चातुर्मासात बंद गॅरेजमध्ये उंदीर, पाली, कीटक आसरा घेतात.

म्हणून पहिली जयणा इंजिन सुरू करण्यापूर्वीची. बॉनेट उघडून दिव्यांच्या खोबणीत व पंख्यापाशी एखादा जीव नाही ना, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. कुरतडलेल्या नळ्यांवर उपाय म्हणून विष ठेवू नये. गॅरेजची स्वच्छता आणि फटींना जाळी पुरेशी ठरते.

यानंतर लक्षण ओळखावे. दिवा वर येतो पण पेटत नाही, तर दोष विजेचा आहे. दोन्ही दिवे मंद हलतात, तर बिघाड सामाईक पुरवठ्यात असतो. एकच मागे राहतो, तर त्याची नळी, पडदा किंवा गंजलेला सांधा तपासावा. इंजिन बंद केल्यावर काही तासांत कॉर्वेटचे दिवे आपोआप वर येणे किंवा सुरुवातीच्या एलानचे खाली बसणे, ही गळतीची खूण होय.

गळतीचा शोध वहीतली चूक शोधण्यासारखा असतो : एकेक नोंद ताडून पुढे जायचे. गॅरेजचे दार उघडे, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला असावा. इंजिनापाशी व्हॅक्यूमचा गेज लावावा; निरोगी इंजिन मंद गतीवर साधारण १५ ते २० इंच पारा दाखवते. मग एकमार्गी झडप, साठवण टाकी, स्विच, रिले आणि शेवटी प्रत्येक दिव्याची डबी, या क्रमाने एकेक भाग वेगळा करून हातपंपाने तपासावा. काटा स्थिर राहिला तर भाग निर्दोष; घसरला तर गळती तिथेच. या क्रमाने गेल्यास पुष्कळदा स्वस्त नळीवर काम भागते. महागडे सुटे भाग परदेशाहून मागवण्याची वेळ येत नाही. दिव्याच्या झाकणाखाली मात्र बोटे घालू नयेत. ते अचानक मिटू शकते.

चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाची ओढ कमी होते. त्या वेळी टाकी आणि एकमार्गी झडपच दिवे जागेवर राखतात. झडप सदोष असेल, तर ऐन अंधारात दिवे मिटण्याचा धोका राहतो. म्हणून दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत अशी मोटार सूर्यास्तानंतर बाहेर काढू नये. रस्त्यावरून चालणाऱ्या अनोळखी जिवाचे रक्षण हीही जयणाच आहे.