दोन प्रधान विषय आणि सहा सत्रें

दोन दगडांवर पाय ठेवूं नये, असा शहाण्या माणसांचा इशारा आहे. परंतु ओढा ओलांडावयाचा असेल तर दोन दगडांवर पाय ठेवावेच लागतात; कोणता पाय केव्हां उचलावयाचा, एवढें मात्र पाण्यांत उतरण्यापूर्वीं ठरवावें लागतें. महाविद्यालयांत दोन प्रधान विषय घेऊन पदवी संपादूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिति अशीच असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं जाहीर झालें. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवी-शिक्षणाची जी चौकट घालून दिली, तींत तीन वर्षांच्या पदवीस निदान १२० श्रेयांक लागतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास, एकूण पंधरा तास. प्रात्यक्षिकास याच्या दुप्पट वेळ. या १२० पैकीं ६० श्रेयांक प्रधान विषयाचे व २४ गौण विषयाचे. उरलेले ३६ भाषा, कौशल्य, मूल्यवर्धक पाठ्यक्रम, अन्य विद्याशाखांची ओळख व उन्हाळी सुट्टींतील उमेदवारी यांत वांटलेले असतात. दुसरा विषयहि प्रधान म्हणून नोंदला जावा, अशी इच्छा असेल तर त्यांत एकूण श्रेयांकांचे ४० टक्के, म्हणजे ४८ श्रेयांक मिळवावे लागतात.

आतां बेरीज करून पाहावी. ६० आणि ४८ मिळून १०८ होतात. उरतात अवघे १२. इतर घटक तसेच राखावयाचे असतील तर २४ श्रेयांक अधिक मिळविणें प्राप्त होतें. सहा सत्रांत ते सारखे वांटले तर प्रत्येक सत्रांत चार, म्हणजे आठवड्याला चार तासांची जादा व्याख्यानें, आणि त्यांवरील घरचा अभ्यास निराळा. विद्यापीठाची अनुमति असेल तेथें ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरील पाठ्यक्रम घेऊन हा भार थोडा हलका करतां येतो.

बेरीज अशी कशीहि जमवितां येते. क्रम मात्र वांकत नाहीं. अर्थशास्त्र व गणित ही जोडी घ्यावी. आर्थिक आंकड्यांवरून सिद्धांत पडताळणारी अर्थमिति शिकावयाची तर आधीं संख्याशास्त्र हवें, आणि संख्याशास्त्रास कलनशास्त्राचा पाया हवा. समजा, एका महाविद्यालयांत हे तीनहि पाठ्यक्रम केवळ जूनमध्यें सुरू होणाऱ्या सत्रांत शिकविले जातात. ज्या विद्यार्थिनीनें पहिल्याच सत्रांत कलनशास्त्र घेतलें, तिला तिसऱ्यांत संख्याशास्त्र व पांचव्यांत अर्थमिति घेतां येईल. ‘कलनशास्त्र पुढें पाहूं’ असें म्हणून जी तें तिसऱ्या सत्रावर टाकील, तिचें संख्याशास्त्र पांचव्यावर जाईल आणि अर्थमिति सातव्यावर! सहा सत्रांच्या पदवीस सातवें सत्रच नाहीं. पहिल्या जूनमधील एका लहानशा आळसाची किंमत एक संपूर्ण वर्ष होऊन बसते, आणि ही गोष्ट ध्यानांत येते ती बहुधा दुसरें वर्ष सरतांना.

म्हणून वेळापत्रकाची आंखणी शेवटापासून मागें करीत यावी. एका मोठ्या कागदावर सहा रकाने पाडावे. दोन्ही विषयांचे अखेरचे पाठ्यक्रम प्रथम लिहावे. मग प्रत्येकाच्या पूर्वतयारीचा पाठ्यक्रम त्याच्या आधींच्या रकान्यांत मांडावा. वर्षांतून एकदांच शिकविला जाणारा पाठ्यक्रम तांबड्या शाईनें खुणावावा. एकाच वेळीं दोन तास येत नाहींत ना, हें कार्यालयांतील जुन्या वेळापत्रकांवरून पाहावें. एखादा पाठ्यक्रम दोन्ही विषयांत धरला जाईल काय, हें विभागप्रमुखांस विचारून उत्तर लेखी घ्यावें. शेवटचें सत्र शक्य तितकें मोकळें राखावें. आजारपण किंवा एखाद्या विषयांतील अपयश सांगून येत नाहीं.

परतीची वाटहि याच कागदावर हवी. दुसऱ्या विषयाचे पहिले २४ श्रेयांक चौथ्या सत्राअखेर पुरे होतील अशी योजना केली, तर पुढें भार असह्य झाल्यास तोच विषय गौण म्हणून पदवीवर राहूं शकतो; केलेले श्रम वायां जात नाहींत. प्रत्येक विद्यापीठ आयोगाच्या चौकटींत आपापले नियम करतें, तेव्हां प्रवेशाच्या वेळींच स्वतःच्या विद्यापीठाची नियमपुस्तिका वाचणें अगत्याचें आहे.

घरांतील वडील मंडळींनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. दोन प्रधान विषय म्हणजे दोन पदव्या नव्हेत, पदवी एकच. शेजारच्या मुलानें दोन विषय घेतले, हें आपल्या मुलीनें ते घेण्याचें कारण होऊं शकत नाहीं. एका विषयाचा प्रश्न सोडवितांना दुसऱ्याची गरज जिला मनापासून भासते, तिला आठवड्याचे ते चार तास जड वाटणार नाहींत. तिच्यासाठीं वडिलांनीं एवढेंच करावें: महाविद्यालय उघडण्यापूर्वीं एका संध्याकाळीं तिच्याजवळ बसून ते सहा रकाने तिला भरूं द्यावे.