मदुराई आणि कोडाईकनाल : सहलीमागील दृष्टी

दक्षिण भारताच्या शैक्षणिक सहलीत मदुराई आणि कोडाईकनाल ही जोडी हमखास असते. नागपूरहून चेन्नईमार्गे रेल्वेने मदुराई गाठता येते आणि तेथून सुमारे १२० किलोमीटरवर कोडाईकनालचे थंड डोंगर आहेत. परंतु आंधळगावसारख्या गावातील बौद्ध पालक विचारतात, "आमच्या मुलांनी मंदिरांच्या शहरात जाऊन पाहायचे तरी काय?" हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, हात जोडण्यासाठी नव्हे, तर इतिहास वाचण्यासाठी जावे.

मदुराईची रचनाच एक पाठ आहे. मीनाक्षी मंदिर मध्यभागी असून त्याभोवती चौकोनी रस्त्यांची वलये आहेत. त्या रस्त्यांना आडी, चित्तिरै, मासी अशी तमिळ महिन्यांची नावे आहेत. मंदिराला चौदा गोपुरे असून दक्षिणेचे गोपूर सर्वांत उंच, सुमारे ५२ मीटर आहे. हजार खांबांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंडपात प्रत्यक्षात ९८५ खांब आहेत. हे सारे ज्या शिल्पी आणि पाथरवटांच्या हातांनी उभे राहिले, त्यांचे स्मरण प्रथम करावे. आपल्या गावातील कोशाचे विणकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी बारीक गाठी बांधून रंगविलेल्या तेथील सुंगुडी साड्याही पाहाव्यात. श्रमाची भाषा सर्वत्र सारखीच असते.

मात्र या मंदिरात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याचे दार. शतकानुशतके ते अस्पृश्यांना बंद होते. ८ जुलै १९३९ रोजी ए. वैद्यनाथ अय्यर काही दलित कार्यकर्त्यांसह आत गेले. सनातन्यांनी विरोध केला. पण राजगोपालाचारी मंत्रिमंडळाने या प्रवेशाला कायद्याचे संरक्षण दिले. आपल्याकडे नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी, म्हणजे नऊ वर्षे आधी सुरू झाला होता. तेथे आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे लाठ्या आणि दगड सोसले. दार मात्र उघडले नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी या लढ्यातून निराळाच निष्कर्ष काढला. मंदिरप्रवेशापेक्षा उच्च शिक्षण, चांगल्या नोकऱ्या आणि उपजीविकेची उत्तम साधने हाच उद्धाराचा खात्रीचा मार्ग आहे, असे त्यांनी १९३३ मध्येच स्पष्ट केले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा. मीनाक्षी मंदिराच्या गाभाऱ्याकडे आजही अहिंदूंना प्रवेश नाही. आपल्या विद्यार्थ्याने ती सूचना खिन्न न होता वाचावी. ज्या दारासाठी आजोबा-पणजोबा झगडले, त्या दारावाचून त्याचे आज काही अडत नाही. निवासी शाळेचे दार हीच त्या संघर्षाची खरी फलश्रुती होय.

मदुराईशी धम्माचेही जुने नाते आहे. 'मणिमेकलै' हे तमिळ बौद्ध महाकाव्य रचणारे सात्तनार मदुराईचे धान्यव्यापारी होते, अशी परंपरा सांगते. त्याची नायिका भिक्षुणी होते आणि कधीही रिते न होणाऱ्या भिक्षापात्रातून भुकेल्यांना अन्न देते. वसतिगृहाच्या पंगतीत जेवलेल्यांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. शहराजवळच समणर डोंगर आहे. तेथील लेणी आणि शिल्पे जैन आहेत. तरी 'समण' म्हणजे श्रमण, हे नाव आपल्याला परके नाही.

कोडाईकनाल सुमारे सात हजार फूट उंचीवर आहे. उष्णता आणि हिवताप यांपासून सुटका व्हावी म्हणून अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये तेथे वस्ती केली. आज जेथे नौका फिरतात, तो तलाव १८६३ मध्ये बांध घालून तयार केलेला आहे. नौकाविहार अवश्य करावा. पण सौर वेधशाळा चुकवू नये. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर सूर्यावरील घडामोडींचा पावसाशी काही संबंध आहे काय, हे शोधण्याची गरज भासली आणि त्यातून १८९९ मध्ये ही वेधशाळा उभी राहिली. येथेच १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी सूर्यावरील डागांतील वायूंची गती शोधून काढली. दुष्काळ पडला असता नवस न करता कारण शोधणे, ही तथागतांच्या कार्यकारणभावाला धरून असलेली वृत्ती आहे.

म्हणून सहलीला निघताना स्वेटरबरोबर वहीही घ्यावी. परतल्यावर पालकांनी "काय काय पाहिलेस?" एवढेच न विचारता "काय समजले?" हेही विचारावे.